कानातलं नाव

“आधी हात लावून बघा, मंग बोला,” असं म्हणत त्या शेपूची जुडी थेट गिऱ्हाइकाच्या नाकापाशी धरायच्या. नव्वदच्या दशकात इंदिरानगरात भाजी घेतलेल्यांना त्या आठवतील. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. नवरा लवकर गेलेला. धाकट्या भावाच्या मळ्यातली भाजी त्या हातगाडीवर आणायच्या.

एका सकाळी डोकं धरून त्या आमच्या फाटकाशीच खाली बसल्या. मेंदूभोवती रक्तस्राव झाला होता. दीड महिन्याने दवाखान्यातून आल्या तेव्हा चालत होत्या, समोरच्याचं सगळं कळत होतं. शब्द मात्र भलतेच यायचे. पाणी हवं असलं की “कोथिंबीर” म्हणायच्या, आणि चूक आपल्याच कानांना कळली की कपाळावर हात मारून घ्यायच्या.

त्याच सुमारास भावाला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला. नाव ठरलं सागर. बारसं सव्वा महिन्याने. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या एकच. भावजय म्हणाली, “पोराच्या कानात पहिलंच नाव चुकीचं पडायला नको. चुलत आत्या हाय की, ती सांगंल.” ताईंनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

मग रोज संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या.

“सा-गर,” माझी बायको म्हणायची.

“गाजर.”

दहा प्रयत्न झाले की मी कागदावर रेघा मोजायचो. पहिल्या दिवशी दहात शून्य. तिसऱ्या आठवड्यात दहात चार. त्यापुढे आकडा हलला नाही. भाऊ म्हणायचा, “गाजर तर गाजर, पोरगं लालबुंद हायच!” ताई त्याच्याकडे पाठ फिरवायच्या.

आत्या पाळण्यावर वाकली की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. बारशाच्या दिवशी ताईच पुढे होऊन वाकल्या, पण आजारी माणूस म्हणून कुणी हात उचलेना. तशाच वाकून त्यांनी हात मागे नेला आणि आपलीच पाठ थोपटली. “मेथी! मेथी!” सगळ्या हसल्या, मग धपाटे पडले. त्या गलक्यात त्यांनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं. बराच वेळ तिथेच होत्या. उठल्या तेव्हा पदराने डोळे पुसत होत्या. काय म्हणालात, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तोच रक्तस्राव झाला आणि त्या गेल्या. दहाव्याला नदीच्या घाटावर भावाने मला बाजूला घेतलं.

“साहेब, तुम्ही व्हते तिथं. सागरच म्हणाली व्हती ना ती?”

मी दाराशी उभा होतो, पाळण्यापासून चांगला दहा फूट लांब. धपाट्यांच्या आवाजात मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

“सागरच,” मी म्हणालो. “स्पष्ट ऐकलं मी.”