विमानाचा पारखी

शाहूपुरीत गुळाची अडत चालवणाऱ्या प्रभुलिंग हुक्केरीला जन्मात कुणी गंडवलं नाही, असं तो स्वतःच सांगायचा. गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, बारका तुकडा जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि आत साखर किती घातलीय ते आणणाऱ्याच्या तोंडावर सांगून मोकळं व्हायचं. मग समोरचा शपथा घेऊ दे, नाहीतर देव आठवू दे. "भेसळ हाय," असं प्रभुलिंग म्हणाला की विषय संपला. बाजारात त्याच्या शब्दाला मान होता, आणि त्या मानाची त्याला चांगलीच चटक लागली होती.

दोन हजार तीन साली पोरांच्या अभ्यासासाठी म्हणून घरात कॉम्प्युटर आला. पोरांनी अभ्यास केला नाही तो नाहीच, पण बापाला विमान चालवायचा गेम सापडला. गेम म्हटलेलं त्याला मुळीच खपायचं नाही. "गेम पोरं खेळत्यात. ह्याला सिम्युलेटर म्हणायचं," असा दम तो बायकोलासुद्धा द्यायचा. त्यात मोठाली प्रवासी विमानं होती, पण याचा जीव जडला एका पंख्याच्या, दोन सीटांच्या चिमुकल्या शिकाऊ विमानावर. आणि आठवड्याभरात तेच विमान त्याला खोटं वाटायला लागलं. मग कळलं की परदेशातली हौशी माणसं हीच छोटी विमानं जास्त खरी करून वेगळी विकतात, त्यांना ॲड-ऑन म्हणतात. झालं! अडत्याला नवा माल मिळाला. एकेक ॲड-ऑन मागवायचं, उडवायचं आणि नापास करायचं, हा त्याचा धंदा होऊन बसला.

पेट्रोलचा काटा एका जागी गप्प उभा राहिला की नापास. खऱ्या छोट्या विमानात तो काटा थरथरतो, असं त्यानं पुस्तकात वाचलं होतं. कार्ब्युरेटर गरम करायची कळ ओढल्यावर इंजिनाचा आवाज थोडा पडला नाही की नापास. इंटरनेटवर अशा हौशी लोकांचा एक अड्डा होता, तिथं तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपला निकाल टाकायचा: रंग छान, आतून भुसा. बनवणारे गोरे लोक घाबरून उत्तर द्यायचे. एकानं तर 'कॅप्टन हुक्केरी' अशी सुरुवात करून माफी मागितली. प्रभुलिंगनं ते कागदावर छापून घेतलं. आपण कॅप्टन नाही हे कळवायचं मात्र त्याच्याकडून राहून गेलं. आणि हो, विमानात तो कधी बसलाच नव्हता. दिल्लीला गेलता तोसुद्धा रेल्वेनं.

घरात तर नुसता कहर होता. उडायच्या आधी खरा पायलट विमानाला फेरी मारून बघतो, म्हणून हा टेबलाला फेरी मारायचा. खऱ्या विमानातली सीट टणक असते म्हणून खुर्चीवरची गादी काढून टाकली. आणि एकदा वर गेला की उतरल्याशिवाय उठायचं नाही. दारात पाहुणे आले तरी हा पडद्यावर निपाणीच्या आभाळात असायचा.

"री, पावणं बसल्यात बाहेर," दानेश्वरी सांगायची. बायको चिकोडीकडची, नवऱ्याला तिकडच्यासारखी 'री' म्हणूनच हाक मारायची.

"त्यांस्नी च्या दे. मी उतराय लागलोय."

"किती वेळ?"

"वारं कसं हाय त्यावर हाय ते."

बिचारी पाहुण्यांना सांगायची, ह्यांचं वारं पडंना झालंय म्हणून. त्यात ऐन उतरताना लोडशेडिंग झालं की प्रभुलिंग अंधारात बसून वीजमंडळाचा उद्धार करायचा. खऱ्या विमानात अशी लाईट जात नाही, हे त्याचं म्हणणं.

बाजारात त्याला 'पायलट' म्हणायला लागले. चेष्टाच होती, पण याला ती गोड वाटायची. अशात उद्यमनगरातल्या राजवीर मोहित्यानं खरंच तसलं दोन सीटांचं विमान घेतलं. वडिलांची फौंड्री, हौस दांडगी, बाहेर कुठंतरी शिकून लायसन काढलेलं. शाहूपुरीतल्या पायलटची कीर्ती ऐकून तो मुद्दाम घरी आला, प्रभुलिंगचं उड्डाण मागं उभा राहून बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, एवढं तर आम्ही बी करत न्हाय. चला की एकदा खऱ्यात. वर गेल्यावर थोडा वेळ तुमच्या हातात देतो."

त्या दिवसापासून प्रभुलिंगचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. इतकी वर्षं तो हे खरं, ते खोटं असं सांगत आला होता. आता एकदाच ते अस्सल हातात येणार होतं. आपण म्हणत होतो ते बरोबर होतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. चुकीचं निघालं तर काय, हा विचारही अधूनमधून यायचा. पण हे मनातल्या मनात. तोंडानं त्यानं सगळ्या बाजाराला आमंत्रण दिलं.

मे महिन्यातला रविवार. उजळाईवाडीच्या विमानतळावर तारेच्या कुंपणाशी अर्धी शाहूपुरी येऊन उभी. अडतीतला हमाल गुंडू तर हार घेऊन आलेला. दानेश्वरीनं विमानाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ऊन भाजून काढत होतं. प्रभुलिंगनं विमानाला खरोखरची फेरी मारली, पंखावर हात फिरवला, आणि त्याचे डोळे भरून आले. अगदी पोरीला सासरी धाडताना भरतात तसे.

"अण्णा, वजन किती तुमचं?" राजवीरनं सहज विचारलं.

आता इथं दुसरा कुणी असता तर त्यानं वीसेक किलो गिळून टाकले असते. पण हुक्केऱ्यांच्या अडतीत एक रीत होती. दसऱ्याला काट्याची पूजा झाली की पहिल्यांदा मालकानं काट्यावर उभं राहायचं आणि हमालानं त्याचं वजन अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं. आमच्या काट्यात खोट नाही, याचा तो पुरावा. त्यामुळं प्रभुलिंगनं तोंड उघडायच्या आत कुंपणापलीकडून गुंडू बोंबलला, "एकशे बारा! दसऱ्याचं हाय हे, त्याच्या मागनं आंब्याचा सीझन झालाय!"

सगळे हसले. प्रभुलिंग हसला नाही. त्याच्या डोक्यात आकडे पडायला लागले होते. या विमानाचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं.

"टाकी किती भरलीया?"

"फुल्ल. इथनं पुढं पुण्याला जायचंय."

"थोडं काढ की."

"काढून ठेवू कशात? मरू दे अण्णा, बसा. धावपट्टी लांब हाय, उचलतंय की. ह्याच्यापेक्षा जास्त घालून उडवलंय मी."

प्रभुलिंगनं परत हिशोब मांडला. तुझं वजन, माझं वजन, पेट्रोल. गुळाच्या एका अख्ख्या रव्याचं, तीसेक किलो, वजन जास्त होत होतं. वर हे ऊन. तापलेल्या हवेत विमान जड होतं, हेही पुस्तकातच होतं. गंमत बघा, ज्याच्याकडं लायसन होतं तो म्हणत होता चालतंय, आणि ज्यानं खुर्चीवर बसून विमानं उडवली तो म्हणत होता, "न्हाय. बसत न्हाय हिशोबात. मी येत न्हाय."

"अहो, असं काय करताय!"

"पुस्तकात लिहिलंय ते लिहिलंय. वजनात खोटं मी करणार न्हाय."

कुंपणापाशी कुणीतरी शिट्टी मारली. "पायलट भ्याला रे!" हा गुंडूचाच आवाज. मग काय, सगळ्यांनीच धरलं. प्रभुलिंगचे कान तापले. रागानं नाही, लाजेनं. ओरडून सगळा हिशोब सांगावा असं त्याला वाटलं, पण पेट्रोल आणि उन्हाचा हिशोब त्या गर्दीत कोण ऐकणार?

राजवीर अवघडला. हार घातलेलं विमान रिकामं कसं न्यायचं? तो दानेश्वरीकडं वळला. "वहिनी, तुम्ही येतासा?" दानेश्वरीनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मानेनंच 'जा' म्हटलं. ही त्याच्या निम्म्यानंसुद्धा नव्हती, हिशोबात चोख बसत होती. तिनं पदर खोचला आणि चढली.

इंजिन सुरू झालं. आवाज वाढत वाढत त्याच्या अंगावरून गेला आणि लांब गेला. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळानं आवाज परत आला, दानेश्वरी उतरली. तिचा चेहरा असा फुललेला होता की लग्नातही तसा नव्हता.

घरी येताना व्हॅनमध्ये ती बोलत सुटली होती. रंकाळा केवढासा, जोतिबाचा डोंगर कसा, पंचगंगा कशी वळत गेलीय. मग हळूच म्हणाली, "भ्यालासा व्हय? भ्याला तरी काय झालं. मी कुणाला सांगत न्हाय."

बाजार हसला ते त्यानं सोसलं होतं. हे मात्र लागलं.

घरात शिरल्याबरोबर त्यानं कॉम्प्युटर लावला. सगळ्यात अस्सल म्हणून स्वतः पास केलेलं ॲड-ऑन उघडलं. त्यात पायलटचं नि सोबत्याचं वजन लिहायची जागा होती. तिथं बनवणाऱ्यानं घालून ठेवलेले सडपातळ आकडे होते, आणि खरं-खोटं करत फिरणाऱ्या आमच्या या महाराजांनी त्यांना आजवर हात लावला नव्हता. आज लावला. राजवीरचं अंदाजानं, आपलं खरं. टाकी फुल्ल. दुपारचं ऊन. उजळाईवाडी. दानेश्वरीला शेजारी बसवून घेतलं. "आता बघ, धावपट्टीच्या शेवटाला कुंपणात जातंय का न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटत होतं की विमान उडू नये.

विमान पळालं, जरा रेंगाळलं, आणि धावपट्टी बरीच शिल्लक असताना अलगद उचललं. त्यानं उतरवून पुन्हा पळवलं. पुन्हा उचललं.

"खोटं हाय हे," तो ओरडला. "साफ खोटं! खरं विमान असं उचलत न्हाय!"

"तुम्हाला काय ठावं?" दानेश्वरीनं विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. "आम्ही तुमच्या म्होरनं गेलो की. मी काचेतनं हात केला. सगळी वर बघत हुती, तुम्ही तेवढं खाली मान घालून उभा हुतासा."

प्रभुलिंगनं कॉम्प्युटरवरचा हात काढून घेतला. खरं विमान हातभर अंतरावरनं उडालं होतं, आणि तेवढा वेळ तो आपल्या चपला बघत उभा होता.

"कसं उचललं गं?" त्यानं विचारलं. "सांग की. सुरुवातीपासनं सांग."