धावजी आडे यांचा अंदाज

जानेवारी संपत आला की यवतमाळात संगीत नाटकांची स्पर्धा लागते. पुसद, दारव्हा, वणी, कळंब, वाशीम, अमरावती इथून दहा-बारा संघ येतात. रोज संध्याकाळी एक नाटक होतं आणि शेवटच्या रविवारी सकाळी निकाल लागतो. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आमच्या नाटकवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धावजी आडे यांचा अंदाज पडायचा. नाटक पहिलं कोणतं, गायक नट कोण, गायक नटी कोण, संगीत कोणाचं, ऑर्गन कोणाचा, तबला कोणाचा. एकंदर आठ ओळी. त्यांतल्या सहा-सात दरवर्षी खऱ्या निघत. एका वर्षी आठही निघाल्या, तेव्हा परीक्षकांपैकी एकानं हसत विचारलं होतं की आमचं गुणपत्रक तुम्ही पाहता काय.

धावजीभाऊ गायक नव्हते, वादकही नव्हते. बाभुळगावजवळच्या तांड्यातले, चार एकर कापूस-तुरीचे मालक आणि 'आडे साउंड'चेही मालक. लग्न, गणपती, होळीला तांड्यावरची लेंगी गाणी, सगळीकडे त्यांचे भोंगे आणि पेट्या जात. सव्वीस वर्षांपूर्वी नाट्यमंडळाचे सदाशिवराव गावंडे यांनी त्यांना स्पर्धेच्या आवाजाचं काम दिलं आणि तेव्हापासून सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून, मिक्सरच्या पुढ्यात, त्यांची खुर्ची ठरून गेली. इतकी नाटकं, इतक्या एकाग्रतेनं दुसऱ्या कोणीच ऐकली नसतील. पदाला सुरुवात झाली की त्यांची बोटं बटनांवर जात आणि डोळे मिटत.

गेल्या वर्षीची गोष्ट निराळी होती, कारण कळंबच्या संघात त्यांची मुलगी राखी होती.

राखी बावीस वर्षांची. अमरावतीला संगीताच्या पदवीला शिकत होती. कळंबच्या मंडळींनी 'संगीत अडाणकाठ' नावाचं नवं नाटक बसवलं आणि तिला मुख्य भूमिका दिली, तेव्हा ती तालमींसाठी घरी राहायला आली. पाच पदं. धावजीभाऊंनी एकही तालीम पाहिली नाही. बायको धनीबाई म्हणाल्या, "पोरगी रोज कळंबले जाऊन राह्यली, एखाद दिवस तुम्ही बी जा."

"मी जाईन आन् मंग माह्या मनात तिचंच गाणं बसन," ते म्हणाले. "बाकीच्यायचं कसं आयकू?"

स्पर्धा सुरू झाली आणि भाऊंना चैन पडेना. खुर्चीत नीट बसवेना. मध्येच उठून मागच्या दारापर्यंत जात, परत येत, बटन थोडं फिरवत, पुन्हा उठत. चौथ्या दिवशी दारव्ह्याचं नाटक होतं. उज्ज्वला काळे त्यात गाणार होती. उज्ज्वला म्हणजे आरोग्य केंद्रातली परिचारिका, चाळिशीची, अकरा वर्षं स्पर्धेत उतरणारी. तीन वेळा दुसरी आली होती, पहिली एकदाही नाही. त्या दिवशी ती गायली तेव्हा भाऊंना वाटलं की बाईचं वर्ष आलं. मध्यंतरात ऑर्गन वाजवणारा कपिल त्यांच्याकडे आला. लोहाऱ्याला कारखान्यात नोकरी करणारा हा तिशीतला माणूस चार-पाच संघांना साथ करायचा.

"धावजीभाऊ, आवाज जरा टोचून राह्यला," तो म्हणाला.

"कोठी? मले तर मस्त मोकळा वाटते."

"वरचं, ते ट्रेबल, थोडं कमी करता का?"

"कपिल, मी सव्वीस वर्षं हेच करून राह्यलो."

कपिल परत ऑर्गनकडे गेला. भाऊंनी बटन तसंच ठेवलं.

सातव्या दिवशी कळंबचं नाटक. पडदा उघडण्याआधी भाऊंनी मिक्सरची सगळी बटनं सरळ मध्यावर आणली. आवाज लहानमोठा करण्यापुरती एक पट्टी हाताशी ठेवली आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसले. शेजारी धनीबाई होत्या. त्यांनी विचारलं, "काहून असे बसले?"

"उद्या कोणी म्हनू नये का बापानं पोरीसाठी बटनं फिरवली."

राखी गायली. लोकांनी तिसऱ्या पदाला 'वन्स मोअर'ची मागणी केली. धनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. भाऊंना मात्र पोरीचा वरचा सूर अर्धवट वाटला, जणू पोहोचता पोहोचता विरून जात होता. शब्दही मऊ पडत होते. त्यांनी दोनदा मांडीखालून हात काढला आणि दोनदा परत दाबला. 

शनिवारी सकाळपासून त्यांनी तीन वेळा यादी लिहिली, तीन वेळा खोडली. वावरात जाऊन आले. राखीचं नाव टाकलं तर लोक हसतील, हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. आपण ऐकलं ते खरं की बापपणाच्या भीतीनं कमी ऐकलं, हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी जे कानाला वाटलं तेच लिहायचं ठरवलं आणि गायक नटीच्या ओळीत उज्ज्वलाचं नाव टाकलं. मीही त्या ग्रुपवर होतो. यादी आली आणि पाच मिनिटांत दारव्ह्याच्या लोकांनी उज्ज्वलाचं अभिनंदन सुरू केलं.

राखीनं मोबाइल बंद करून विचारलं, "बा, मले काहून नाही लिहिलं?"

"तुहा वरचा सूर लागत नव्हता."

"कोणत्या पदात?"

"पाचही."

 याडी, म्हणजे तिची आई धनीबाई, भाकरी टाकत होत्या. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

रविवारी निकाल लागला. धावजीभाऊंच्या आठ ओळींपैकी दोन खऱ्या ठरल्या. नाटकाचं पहिलं बक्षीस कळंबला, गायक नटीचं पदक राखी धावजी आडे हिला. परीक्षक बोलायला उठले तेव्हा म्हणाले की या मुलीचा वरचा सूर इतका स्वच्छ आणि गोड होता की असा सूर या स्पर्धेत बऱ्याच वर्षांनी ऐकला. दारव्ह्याच्या रांगेत उज्ज्वला सरळ बसून होती. टाळ्या तिनंही वाजवल्या.

ग्रुपवर चेष्टा झाली. कोणी लिहिलं, भाऊ म्हातारे झाले. कोणी लिहिलं, घरच्या कोंबडीची चव घरच्यांना कळत नाही.  पोरीच्या पदकाचा आनंद त्यांना झाला, पण तो अंगात टिकेना. चुकलो, हे त्यांना सलत नव्हतं. परीक्षकांनी ज्या गोष्टीसाठी पदक दिलं, नेमकी तीच गोष्ट आपल्याला ऐकू आली नव्हती, हे सलत होतं. कळंबच्या नाटकाचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. पुन्हा तेच, सूर वर जाता जाता विरतो. राखीला बोलावून तेच ऐकवलं. ती म्हणाली, "कोठी विरते? लख्ख आहे ना, बा."

निकालानंतर आठव्या दिवशी ते मोटारसायकल काढून लोहाऱ्याला गेले. कपिल कारखान्यातून नुकताच सुटला होता. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर दोघं बसले.

"त्या दिवशी तू टोचते म्हनला होता. किती दिवसांपासून टोचते?"

कपिल चहा ढवळत राहिला. "भाऊ, राग नका मानू. तीन-चार वर्षं तरी. यंदा जास्त. स, श आले का कानात सुई गेल्यासारखं. सगळ्याच नाटकायचं तसं झालं होतं. फक्त राखीच्या दिवशी नव्हतं. त्या दिवशी काय केलं होतं तुम्ही?"

"काही नाही केलं," भाऊ म्हणाले. "बटनायले हातच लावला नव्हता."

 मग कपिलनंच त्याच्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरचा नंबर दिला.

डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, हातात बटन दिलं. आवाज आला की दाबायचं. भाऊंनी दाबलं, दाबलं, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. त्यांना वाटलं मशीन बंद पडलं. काचेपलीकडे डॉक्टर मात्र बटनं फिरवतच होते. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. रेघ सरळ येऊन उजवीकडे घाटासारखी खाली उतरली होती. इतकी वर्षं मोठ्या आवाजाजवळ बसल्यामुळे वरच्या पट्टीचे आवाज गेले होते. औषध नाही, यंत्र लावता येईल.

"हे कधीपासून असन?"

"एका वर्षात होत नाही असं. हळूहळू होतं. सांगता येणार नाही."

आता सगळं सरळ दिसत होतं आणि तेच वाईट होतं. वरचा आवाज कानात शिरत नव्हता म्हणून भाऊ बटन वर चढवत गेले. त्यांना बरोबर वाटेपर्यंत सभागृहाला तो टोचू लागे. प्रत्येक नाटकाला त्यांनी हे केलं, फक्त आपल्या पोरीच्या नाटकाला केलं नाही. तिला मदत नको म्हणून हात मांडीखाली दाबला आणि तीच मदत झाली.

ते सदाशिवरावांकडे गेले. सदाशिवरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "धावजी, परीक्षक तिसऱ्या रांगेत बसतात. अर्धा आवाज त्यांना थेट रंगमंचावरून येतो. निकाल लागला, सह्या झाल्या. आता हे कायले उकरतो?"

"माह्यानं झोपणं होत नाही, साहेब."

"तुझ्या पोरीचंच पदक आहे ते."

"म्हनूनच."

त्यांनी आधी राखीला सांगितलं. अंगणात, भर दुपारी, कागद समोर ठेवून. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हणजे मी जिंकले नाही?"

"तसं नाही म्हनत."

"मंग कसं म्हणता?"

"मले माहीत नाही, बेटा. हेच सांगून राह्यलो."

दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तयार होऊन आली आणि म्हणाली, "दारव्ह्याले जाऊ. मी बी येतो."

उज्ज्वला घरीच होती, सुट्टीचा दिवस होता. ओसरीत तिची सासू सुपात तूर पाखडत बसली होती. भाऊंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मध्ये न थांबता, जसं ठरवून आले होते तसं. उज्ज्वलानं त्यांना बसायलाही सांगितलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मले त्या दिवशी माहाच आवाज भोंग्यातून बोचत होता. मी माइकपासून तोंड फिरवत होतो. वाटलं, आपलंच काही बिघडलं."

मग ती राखीकडे वळली. "तुहं तिसरं पद म्हण."

"इथं?"

"इथंच."

राखीनं म्हटलं. ना ऑर्गन, ना माइक. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. भाऊ पोरीच्या गळ्याकडे बघत राहिले, कारण वरचा सूर त्यांना आता फक्त गळ्याच्या शिरेवरून कळत होता.  संपल्यावर उज्ज्वला म्हणाली, "चांगली गाते तू. पदक ठेव, मले नको. मी त्या दिवशी कशी गायली असती ते मलेच माहीत नाही." आणि मग भाऊंकडे पाहून, आवाज न चढवता, "पण धावजीभाऊ, मागच्या वर्षी? त्याच्या मागच्या वर्षी? तेव्हा तुमचे कान कसे होते?"

 याचं उत्तर डॉक्टरजवळही नव्हतं.

त्या प्रश्नानं मात्र त्यांना धरलं. घरी येऊन त्यांनी जुन्या याद्या काढल्या. इतकी वर्षं अंदाज खरे निघाले, याचा त्यांना अभिमान होता. आता त्यांना दुसरीच शंका यायला लागली. ज्याचं गाणं आपल्याला आवडे त्याच्याकडे आपला हात जास्त प्रेमानं जाई. मग निकाल ओळखत होतो, की थोडाथोडा घडवतही होतो? धनीबाईंना त्यांनी हे विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम केलं का?"

"नाही."

"मंग जेवा."

भाऊ जेवले, पण शंका तशीच राहिली. त्यांनी ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, कानाच्या कागदाच्या फोटोसकट. काहींनी हात जोडलेले पाठवले, दोघांनी सव्वीस वर्षांचा हिशेब मागितला, एका संघानं सदाशिवरावांना पत्र दिलं. मंडळानं निकाल बदलला नाही. पण नियम केला की प्रत्येक नाटकाआधी त्या संघाचा एक माणूस सभागृहात बसून आवाज मंजूर करील. मिक्सर कपिलकडे गेला, भोंगे-पेट्या मात्र 'आडे साउंड'च्याच राहिल्या.

यंदा जानेवारीत धावजीभाऊ प्रेक्षकांत बसले. कानामागे यंत्र होतं. पहिल्या दिवशी राखाडी रंगाच्या त्या यंत्रातून त्यांना बाजूच्या माणसाच्या प्लास्टिक पिशवीचा आवाज इतका आला की ते मध्यंतरातच उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. शनिवारी ग्रुपवर बऱ्याच जणांनी यादी मागितली. भाऊंनी पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला.

रविवारी निकालाच्या वेळी त्यांना आत बसवेना. ते बाहेर टेम्पोजवळ वायरी गुंडाळत राहिले. टाळ्या दोनदा ऐकू आल्या. थोड्या वेळानं धनीबाई बाहेर आल्या. गायक नटीचं पदक वणीच्या एका मुलीला गेलं होतं, राखी दुसरी आली होती. उज्ज्वलाला गाण्याचं काही मिळालं नव्हतं, अभिनयाचं पहिलं मिळालं होतं.

भाऊंनी विचारलं, "उज्ज्वलाबाईचा आवाज कसा वाटला तुले, नाटकाच्या दिवशी?"

"चांगला होता."

"साफ होता?"

"साफ होता ना."

भाऊंनी वायर टेम्पोत टाकली, पण स्वतःच्या कानांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. तेवढ्यात पहिल्या रांगेतला एक ओळखीचा माणूस बाहेर पडला. त्यालाही त्यांनी थांबवून तेच विचारलं. मग आणखी एकाला. धनीबाई टेम्पोत जाऊन बसल्या, राखी दुसऱ्या बक्षिसाची डबी घेऊन त्यांच्या शेजारी बसली, आणि भाऊ अजून दाराशी उभे राहून बाहेर येणाऱ्या माणसांना विचारतच होते.