‘घरी कोणी नाही’ म्हणणारी चकती

निपाणीतल्या आमच्या घरावर स्लॅब आहे. मार्च उजाडला की तो दिवसभर तापतो आणि संध्याकाळी सगळी ऊब आमच्या अंगावर सोडतो. आई गेल्यापासून घरात आप्पा आणि मी, दोघंच. मी चिकोडीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. सकाळच्या बसने जाते आणि पाच-साडेपाचला परत येते. धाकटा भाऊ आखातात असतो, तिथल्या मोठमोठ्या इमारतींचे एसी सांभाळणाऱ्या कंपनीत. दोन वर्षांपूर्वी आप्पांना उन्हाने चक्कर आली, तेव्हा त्याने तिकडूनच सगळी जुळवाजुळव करून त्यांच्या खोलीत एसी बसवून घेतला.

आप्पांनी एसीला नाही म्हटलं नाही. फक्त तो स्वतःच्या पद्धतीने वापरला. अठरावर लावायचा, थंडी वाजली की स्वेटर घालायचा, मग कानटोपी चढवायची, आणि एवढं करून खोली कोंदटली म्हणून खिडकी उघडायची. आकडा वाढवा म्हटलं की म्हणायचे, एकदा लावलंय ते लावलंय, सारखं त्याला कशाला छेडायचं. मी हे रविवारच्या फोनवर भावाला गंमत म्हणून सांगितलं. त्याला गंमत वाटली नाही. अठरा अंश आणि उघडी खिडकी हे ऐकून त्याने खोलीची लांबी-रुंदी आणि महिन्याचं लाइट बिल विचारून घेतलं.

महिन्याभराने त्याचा एक मित्र सुट्टीवर आला आणि चिकोडीच्या स्टँडवर माझ्या हातात खजुराचं पाकीट आणि एक चौकोनी खोका देऊन गेला. खोक्यात बशीएवढी पांढरी चकती होती. स्मार्ट थर्मोस्टॅट. ती भिंतीवर लावायची, मग ती खोलीतली गरमी बघून एसी आपोआप कमी-जास्त करणार, खोलीत कोण आहे की नाही तेही ओळखणार, आणि हे सगळं भावाला तिकडे बसून फोनवर दिसणार. आप्पांनी चकती उलटसुलट करून पाहिली आणि याला रिमोट कुठाय म्हणून विचारलं. रिमोट नाही, सगळं आपोआप, असं मी सांगितल्यावर त्यांनी ती काळजीपूर्वक परत खोक्यात ठेवून दिली.

बसवायला आमचा नेहमीचा वायरमन आला. हा चिकोडीकडच्या खेड्यातला. बायकोशी फोनवर कानडीत बोलतो, आमच्याशी मराठीत, आणि वायर हातात घेतली की स्वतःशी दोन्हीत. माहितीपत्रक इंग्रजी, अरबी आणि चिनी भाषेत होतं. त्याने ते पूर्ण उलगडून पलंगावर पसरलं, त्यातली चित्रं पाहिली आणि म्हणाला, बाई, काय अवघड न्हाय. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. फोन मी हातात धरून उभी होते, आणि तो मला सारखा भिंत दाखव, भिंत दाखव म्हणत होता.

अडचण भिंतीचीच निघाली. भावाच्या मते चकतीसाठी एकच जागा योग्य होती. ऊन येत नाही, एसीचा झोत थेट लागत नाही, आणि समोर पलंग. त्या जागी आईचा फोटो होता. फोटो जरा सरकवू, असं भाऊ म्हणाला. आप्पा तोवर खुर्चीत बसून नुसते बघत होते.

“तिला हलवायचं न्हाय,” ते म्हणाले. “तिच्या बाजूला लावा. तिलाबी गार लागंल.”

वायरमनने लगेच ड्रिल बाजूला घेतलं. आईच्या फोटोपासून वीतभर अंतरावर चकती बसली, आणि चालू झाल्यावर तिच्याभोवती मंद निळा उजेड फिरू लागला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, त्यांनी फोटोला आणि मग चकतीलाही हात जोडले. फोटोला छान लाइट केलाय, असं म्हणाल्या. मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही.

खरी कसरत पुढे होती. चकतीच्या ॲपने आधी आमचं ठिकाण शोधलं, निपाणी, कर्नाटक म्हणून पक्कं केलं आणि तिथून पुढे प्रत्येक गोष्ट कानडीत विचारायला लागलं. मला कानडी बोलता येतं, पण ‘आर्द्रता’ आणि ‘स्वयंचलित’ असले शब्द वाचायची वेळ कधी आली नव्हती. वायरमनने दोन ओळी वाचून हात टेकले; हे पुस्तकातलं कानडी हाय, म्हणाला. मग मी भाषा बदलून मराठी केली. ॲपने मराठी दिली, आणि त्याबरोबर आमचं राज्यही बदललं. ठिकाणाच्या जागी महाराष्ट्र आलं, आणि बाहेरचं हवामान मुंबईचं दिसू लागलं. घाम येणारी दमट हवा आहे, खिडक्या बंद ठेवा, अशी सूचनाही आली. ठिकाण पुन्हा निपाणी केलं की भाषा कानडी व्हायची. भाषा मराठी केली की आम्ही मुंबईला जायचो. असं तीन-चार वेळा झालं. भाऊ तिकडून म्हणत होता, आक्का, दोन्ही कसं मिळंना, बघ जरा नीट.

आप्पा खुर्चीतून म्हणाले, “एवढ्या वर्सांत मोठ्या मोठ्या मानसास्नी जमलं न्हाय, ते ह्या डबड्याला जमंल व्हय?”

वायरमन इतका हसला की त्याला स्टुलावरून खाली उतरावं लागलं. शेवटी आम्ही इंग्रजीवर तडजोड केली. चकतीने आम्हाला आमच्या गावात राहू दिलं.

पहिले आठ-दहा दिवस फार सुखाचे गेले. आप्पांचा स्वेटर कपाटात गेला. चकती सव्वीसवर खोली ठेवायची आणि आप्पा कुरकुर न करता झोपायचे. त्यांचा तिच्याशी वेगळाच मुकाबला सुरू झाला होता. आप्पांनी सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढलं. आधी हमाली केली, मग हात चांगला म्हणून मालकाने त्यांना पारखीवर बसवलं. पान चिमटीत धरून त्यात ओल किती आहे ते ते सांगायचे, आणि ते सांगतील त्यावर माल भरायचा की अजून वाळवायचा ते ठरायचं. चकतीवर हवेतली ओलही दिसते हे कळल्यापासून ते सकाळी उठल्यावर आधी बोटं हवेत चोळायचे, एक आकडा सांगायचे, आणि मग मला चकतीवरचा वाचायला लावायचे. दोन-तीनचा फरक पडला की यंत्र नवं आहे, शिकेल, असं म्हणायचे.

तो दिवस वार्षिक परीक्षेचा होता. मला वर्गावर सुपरव्हिजन होतं, आणि परीक्षेच्या वेळी आमचे सगळ्यांचे फोन ऑफिसच्या कपाटात ठेवावे लागतात. आप्पा नेहमीप्रमाणे जेवून दाराला आतून कडी लावून एक वाजता आडवे झाले.

आता आप्पांची झोप कशी आहे ते सांगायला पाहिजे. वखारीत दुपारच्या सुट्टीत हमाल लोक पोत्यांच्या थप्पीवर झोपायचे. थप्पी उंच आणि जागा हातभर; कूस बदलली की खाली. त्यामुळे आप्पा उताणे झोपतात, हात छातीवर घेतात आणि उठेपर्यंत बोटही हलवत नाहीत. पहिले दहा दिवस चकती घराची सवय नुसती शिकत होती; माणूस नसला की एसी बंद करणं तिने त्या दिवशी सुरू केलं. तिने तासभर वाट पाहिली. खोलीत काहीच हललं नाही, तेव्हा तिने एसी बंद केला आणि भावाच्या फोनवर निरोप पाठवला: घरी कोणी नाही.

भावाने आप्पांना फोन लावला. आप्पांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. मला लावला, माझा कपाटात बंद. मग त्याने काकूंना लावला. यंत्र म्हणतंय घरी कोणी नाही, जरा बघता का, आप्पा कुठं बाहेर गेलेत का, एवढंच विचारलं. काकू आल्या, दार आतून बंद बघितलं, हाका मारल्या. खिडक्या आता चकतीच्या नियमाने बंद असायच्या, आणि आप्पांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. आत माणूस आहे, दाराला कडी आहे, आणि यंत्र म्हणतंय कोणी नाही. काकूंनी या तिन्हीचा मेळ घातला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या वीस मिनिटांत गल्ली जमा झाली. कुणीतरी शिडी आणली. वायरमनला बोलावलं, कारण यंत्र त्याने बसवलं होतं. बुद्धविहारातले सेक्रेटरी मयताला घालतात तो पांढरा सदरा घालूनच आले. कुणीतरी माझ्या शाळेच्या ऑफिसला फोन केला, आणि आमचे हेडमास्तर वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी मोठ्याने बोलणारा माणूस, अगदी हळू आवाजात म्हणाला की मॅडम, तुम्ही घरी जा, मी बघतो वर्ग. मी हातातल्या पुरवण्या टेबलावर ठेवल्या आणि निघाले. एका सहकारी बाईंनी त्यांच्या गाडीतून मला आणलं. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात फक्त सकाळचं आठवत होते. त्यांनी आकडा सांगितला होता, आणि मी घाईत चकतीवरचा वाचलाच नव्हता.

घरी पोचले तर अंगणात चपलांचा ढीग.

पण त्याआधी जे घडलं होतं, ते मला नंतर सगळ्यांनी मिळून सांगितलं. एसी बंद पडल्यामुळे खोली तापली, आणि गरमीने आप्पांना जाग आली. वारा घ्यावा म्हणून त्यांनी दार उघडलं, तर समोर सगळी गल्ली. बायकांचे पदर डोळ्यांना, शिडी भिंतीला, सेक्रेटरी पांढऱ्या सदऱ्यात. आप्पांनी शांतपणे पाहिलं, आत जाऊन खुंटीवरचा सदरा अंगात घातला, आणि बाहेर येऊन सेक्रेटरींच्या कानाशी हळूच विचारलं, “कोण गेलं?”

काकूच पुढे होऊन म्हणाल्या, कोन न्हाय आप्पा, आमी सहजच आलतो. यावर आप्पा म्हणाले की उन्हाचं सहज आलात तर आत या, भायेर कशाला उभं ऱ्हायलाय.

मी आत शिरले तेव्हा ते खुर्चीत बसले होते, भोवती माणसं, आणि काकूंचा फोन त्यांच्यासमोर धरलेला. फोनवर भाऊ होता. कामाचं हेल्मेट अजून डोक्यावर, आणि तो हमसून हमसून रडत होता. आईच्या वेळी त्याला यायला मिळालं नव्हतं. तेव्हा तो फोनवर अजिबात रडला नव्हता; सगळी व्यवस्था विचारत राहिला होता. आप्पांनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

“रडू नको रं,” ते म्हणाले. “मी झोपलतो.”

मी दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. सहकारी बाईंनीच आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

लोक पांगल्यावर आप्पांना यंत्राचं म्हणणं नीट समजावून सांगावं लागलं. ते ऐकून ते फारच दुखावले. माझ्याच घरात, माझ्याच खोलीत मी असताना घरी कोणी नाही म्हणतंय, हे त्यांना पटेना. भावाने हालचाल ओळखायची सोय बंद करतो म्हटलं तर नको म्हणाले. त्या यंत्राला कळाय पायजे. पुढचे चार दिवस त्यांनी झोपेत हलायचा प्रयत्न केला. पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून तिचं टोक पंख्याच्या वाऱ्यावर हलणाऱ्या पडद्याला जोडलं. पडदा हलला, सुतळी हलली, अंगठा मात्र जागचा हलला नाही, आणि यंत्राचंही मत बदललं नाही. पाचव्या दिवशी वायरमन येऊन ती सुतळी बघून गेला. बाहेर मला म्हणाला, बाई, त्यांना सांगा, यंत्र माणसाची झोप ओळखत न्हाय, त्यात त्यांचा काय कमीपणा न्हाय. मी ते जसंच्या तसं सांगितलं. मग आप्पांनी सोय बंद करू दिली, पण भावाने एक अट घातली. दुपारी झोपण्याआधी त्याला फोन करायचा आणि उठल्यावर पुन्हा एकदा.

आधी ते दोघं फक्त रविवारी बोलायचे, तेही माझ्यामार्फत. आप्पा मला सांगायचे, त्याला विचार जेवला का, आणि मी विचारायचे. आता रोज एक वाजता आप्पा स्वतः नंबर लावतात. झोपतोय, एवढंच सांगायचं असतं, पण तिकडे जेवणाची सुट्टी असते आणि बोलणं लांबतं. वखारीतल्या गोष्टी निघतात, भावाच्या मेसमधल्या आमटीबद्दल तक्रारी निघतात. झोप कधी कधी दोन वाजता सुरू होते.

परवा शाळा लवकर सुटली. मी घरात शिरले तर आप्पा पलंगावर बसून फोनवर मोठ्याने सांगत होते की पाणी चांगलं उकळू दे, मग पीठ टाक, मग हाताला चटका बसेस्तोवर मळ, भाकरी आपोआप गोल होते, काय अवघड न्हाय. आयुष्यात त्यांनी एकही भाकरी थापलेली नाही. भाऊ पलीकडून विचारत होता की मीठ कधी घालायचं. आप्पांनी आईच्या फोटोकडे पाहिलं, आणि म्हणाले, शेवटाला घाल.

मी चपला हळूच काढल्या आणि स्वयंपाकघरात गेले.