ती पुलावरून का जात नाही

आमच्या चौघांचा एक नियम आहे: कॉमिक्सचा नवा अंक आला की पार्सल रविवारी सगळ्यांसमोरच फोडायचं. ते येतं शहाद्याला, माझ्या मोटारपंपाच्या दुकानावर. म्हणजे राखणदार मी. आणि कुंपणानेच शेत खाल्लं! गुरुवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, राहवलं नाही. फोडलं, वाचलं, परत टेप लावली. दुकानात टेपला काय तोटा!

मालिकेत एक मुखवटेवाली खलनायिका आहे. ती कोण, हे कुणालाच कळेना. कळसाडीचा माझा मित्र, कॉलेजपासूनचा, तेवढा हट्टाने म्हणायचा की ती नायकाची पुरात बुडालेली धाकटी बहीण आहे. "पुलवरथून ती कधी जास का? पान्याले भ्यास ती!" आम्ही खी खी हसायचो. अरे, नायक तिशीचा, बहीण त्याहून धाकटी आणि ही बाई पन्नाशीची, काळाचा मेळ बसतो का? तर हा शेतकरी गडी म्हणायचा, "ऊस नि कापूस एकच दिनले लावा, तर एकच दिनले निंघस का? तिना काळ येगळा शे."

अंकात शेवटी मुखवटा निघाला. बहीणच होती.

शनिवारी तो पाइपाचा जोड न्यायला आला आणि पुन्हा तेच पुराण. हो म्हणावं तर माझी चोरी उघडी, शिवाय वाचण्यातली मजा जाणार. मग गप्प बसायचं ना! पण दोन वर्षं आम्ही ज्याला हसलो त्याचंच खरं निघालं, हेही मला पचत नव्हतं. म्हणालो, "सोड ना भो ते येड. लोके हसतस तुले." तो हातातला जोड फिरवत राहिला. "तसंच व्हई," म्हणाला आणि गेला.

रविवारी पार्सल फोडण्याआधी त्याने आपणहून सांगितलं, "मन्हं चुकनं. ती बहीण नही." मग अंक उघडला. मुखवटा निघाला तेव्हा बाकीच्या दोघांनी काय कल्ला केला! दोन वर्षं धरून ठेवलं आणि काठावर येऊन सोडलं म्हणे. तोही हसला, पण अंक काही त्याने हातात घेतला नाही. जाताना माझीच समजूत घातली, "तू काय करशी, तुले बी कोठे माहीत व्हतं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी तोंड उघडलं नाही.

आता नवा अंक आलाय. मी त्याला हातही लावलेला नाही. काल कळसाडीहून मित्राचा फोन आला. नवा तर्क सांगितला, चांगला होता, आणि मग म्हणाला, "तुले बरोबर वाटनं तरच मी त्यासले सांगसू."

"माले काय इचारस? तुन्ही अक्कल कोठे गयी?"

"मन्ही अक्कलवर आते मन्हाच भरोसा नही, भो."

तो हसत होता. मी म्हणालो, "रविवारे ये," आणि फोन ठेवला.