डाव्या अंगाच्या पट्ट्या

पहिलं नाव इब्राहीमचाचांचं घेतो. ते आधी घेतलं नाही तर पुढचं लिहायला मला तोंड उरणार नाही. सांगलीत मला माणसात आणलं ते त्यांनी. आणि आता जे सांगतोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आईला नाही, चाचांना तर नाहीच.

मी दुष्काळी माण तालुक्यातला. आठवीत शाळा सोडली, मेंढरं राखली, मग कितीतरी वर्षांनी सांगलीला लाकडाच्या वखारीत कामाला आलो. तुम्ही म्हणाल, माण ते सांगली, त्यात काय लांब? पण खोलीत एकट्यानं राहिलं की लांबच वाटतं. पहिल्या वर्षी माझी छाती सारखी धडधडायची. मुकादमानं नुसती हाक मारली तरी वाटायचं, झालं, काढलं आपल्याला.

चाचा वखारीच्या मागच्या अंगाला राहायचे. तरुणपणी मुंबईच्या गोदीत सुतार होते. म्हातारपणी सांगलीत बसून लाकडाची लहान जहाजं करायचे — हातभर लांब, पण डोलकाठीपासून सुकाणूपर्यंत सगळं खरं. मी पट्ट्या पोचवायला गेलो की दारातच बघत राहायचो. एकदा म्हणाले, "दाराचा खांब हायेस काय रं? बस हितं. घास ही पट्टी." बसलो. घासली. आणि काय सांगू — तेवढा वेळ छाती शांत होती. मग दर रविवारी तिथंच. त्यांची लेक सलीमाताई कराडला दिलेली. ती आली की माझ्यासाठी वेगळा डबा काढून ठेवायची. परक्यासाठी एवढं कोण करतं?

बघा, मी अजून मुद्द्यावर येत नाही. येतो.

चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर त्यांना स्वतःच्या डोळ्याचा भरवसा वाटेना. तरी एका गलबताचा सांगाडा त्यांनी उभा केला — मधे पातळ फळीचा कणा, त्याला दोन्हीकडून फासळ्या — आणि वरून पट्ट्या लावायचं काम मला दिलं. माझं पहिलंच जहाज. म्हणाले, "हे सरळ उतरलं तर समजायचं, डोळा अजून हाय. न्हाईतर बंद करायचं." म्हणजे त्या जहाजावर त्यांचं काय लागलंय, हे मला ठाऊक होतं. हे विसरू नका. मी विसरलेलो नाही.

मग ते पंधरा दिवस कराडला गेले, किल्ली माझ्याकडं देऊन. जाताना एकच सांगितलं — एक पट्टी डावीकडं, एक उजवीकडं. पट्टी भिजवून वाकवायची असते. वाळताना ती आकसते, ओढते. दोन्ही अंगांनी सारखी ओढ असली तरच मधला कणा सरळ राहतो.

आणि मी? डावीकडच्या पहिल्या दोन-चार पट्ट्या अशा सुरेख बसल्या की मला राहवेना. घरी फोटो पाठवायचा होता. फोटोत एकच अंग दिसतं ना? मग अख्खं डावं अंगच भरून काढलं, कपड्याचे चिमटे लावून दाबलं, फोटो धाडला. आईचा लगेच फोन, "पाण्यात सोडलं का रं?" म्हटलं, आधी आपल्याकडं पाणी तर येऊ दे. लय हसलो आम्ही. बायकोनं गल्लीभर दाखवला म्हणे.

तिसऱ्या दिवशी चिमटे काढले. कणा काकडीसारखा वाकला होता.

उजवीकडच्या पट्ट्या भराभर चिकटवल्या — वाटलं, उलटी ओढ लागून सरळ होईल. कुठलं? वाकडं होतं ते तसंच पक्कं झालं. फक्त आता दोन्ही अंगं झाकली गेली होती. आधी काय लावलं, मागून काय लावलं, कुणाला कळणार?

चाचा आले, सोबत सलीमाताई. जहाज उचललं, एक डोळा मिटून टोकाकडून बघितलं. बराच वेळ.

"एक डावी, एक उजवी — तसंच लावलंस न्हवं?"

"व्हय चाचा."

एवढंच. दोन शब्द. त्यांनी माझ्यावर क्षणभरही शंका घेतली नाही — घ्यायला हवी होती. म्हणाले, "मग माझाच सांगाडा वाकडा. डोळा गेला गड्या." सलीमाताई म्हणाली, "अब्बा, आता तरी बास करा. कवापासनं म्हणतीय, चला कराडला." एरवी ते भांडायचे. त्या दिवशी भांडले नाहीत. मी शेजारीच उभा होतो.

भीती कसली होती? रागावले असते, चार दिवस बोलले नसते. मला वाटलं, हे दार बंद होईल. पुन्हा ती खोली, ती धडधड. माझं दार उघडं राहावं म्हणून एका कारागिराला मी त्याचा डोळा गेल्याचं पटू दिलं.

महिन्याभरात त्यांनी जागा सोडली. हत्यारं मला दिली — "तुझा हात सरळ हाय, जप." मी घेतली. हो, तीही घेतली.

आता मी जहाजं करतो. लोक विचारतात, कुणाकडं शिकलास? मी चाचांचं नाव सांगतो, आणि लोक म्हणतात, पोरगा जाणीव ठेवणारा आहे. ऐकून घेतो. ईदला फोन करतो. मागच्या खेपेला सलीमाताई सांगत होती, नातवाच्या खाटेचा पाय निखळला तर अब्बांनी सुतार बोलवायला सांगितला.

सुतार बोलावला. चाचांनी.

त्या वेळी मी तीस वर्षांचा होतो, पोरसवदा नव्हतो. पट्टी कुणाचीही चुकते. मी चुकलो ते "व्हय" म्हणालो तिथं. आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर.

कराडला जाणार आहे. ज्यांच्यासमोर खोटं बोललो, त्या दोघांसमोरच सांगणार — चाचा, तुमचा सांगाडा सरळ होता, वाकवला मी. ऐकून ते काय म्हणतील याचा विचार मी करत नाही, ते त्यांचं. त्यांचा डोळा मी नेला, तो त्यांचा त्यांना परत द्यायचा आहे. देईन — आणि त्यांच्या हयातीत देईन.