सोपानचा उजवा हात

सोपान गेल्याचं मला त्याच्या चुलत्याने सांगितलं. फाल्गुनातली दुपार होती, मी चाकणच्या शाळेत मुलांची कवायत घेत होतो. कुरुळीहून उन्हात चालत आलेला तो माणूस मैदानाच्या कडेला टोपी हातात धरून उभा राहिला. मी जवळ जाताच म्हणाला, "मास्तर, सकाळी गेला. तुमास्नी कळवाया सांगितलंय." मी मुलांना रांगेतच उभं ठेवून सायकल काढली. त्याला आता पाच आठवडे झाले. इतके दिवस लिहायला बसलो की हात थांबायचा, कारण ही हकीकत सांगायची तर माझं एक वाक्यही सांगावं लागतं.

सोपान अकरावीत होता. ज्वारी हुरड्यावर आली की शाळेला दांडी मारायचा, म्हणून गेल्या साली मी त्याच्या शेतावर गेलो. तो माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरं हाकत होता. माझ्या देखत त्याने बांधावरच्या बाभळीची एक ठरावीक फांदी तीनदा टिपली. व्यायामशिक्षकाचं शिक्षण घेताना मी बेसबॉल शिकलो होतो, आणि येताना एक बॅट व दोन हातमोजे घेऊन आलो होतो. चाकणात त्या खेळाला कोणी विचारत नव्हतं. सोपानचा हात पाहिला आणि मला वाटलं, आपला चेंडूफेक्या सापडला.

पण गोफणीचा हात निराळा आणि चेंडूचा निराळा. पहिले दोन महिने त्याचा चेंडू कुठेही जायचा, मुलं हसायची. सोपान मात्र हसणाऱ्यांकडे बघायचासुद्धा नाही. गावच्या चांभाराकडून त्याने चिंध्यांवर कातडं शिवून चेंडू करून घेतला, बाभळीला गोणपाट बांधलं आणि शाळेआधी शंभर, शाळेनंतर शंभर फेकी सुरू केल्या. पावसात गोणपाट भिजून जड व्हायचं, तो फेकतच राहायचा. पाय कुठे टाकायचा, मनगट कधी सोडायचं, हे मी एकदा सांगायचो आणि तो आठवडाभर घोकायचा. आषाढापर्यंत त्याचा चेंडू असा यायला लागला, की तो झेलताना मोज्यातही माझा तळवा लाल व्हायचा.

त्याच आषाढात एकदा फेक संपवून तो माझ्याजवळ आला. "गुरुजी, खांद्याच्या खाली ठणकतंय. झोप न्हाई लागत."

मी म्हणालो, "ठणकू दे. हात तयार होतोय."

हेच ते वाक्य. त्याला ते एवढं आवडलं की पुढे इतर मुलांनाही तो ते ऐकवू लागला. श्रावणात त्याची आई चाकणच्या बाजारात भेटली. आंबेहळदीचा लेप लावते, एरंडाची पानं बांधते, असं सांगून ती हळूच म्हणाली, "मास्तर, हात गरम लागतोय त्याचा. आतनं गरम." मी सोपानला चार दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो बाभळीपाशी हजर होता, आणि... खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. कारण पिंपरीच्या सामन्याला महिनाच उरला होता. तो आता डबा डाव्या हाताने उचलतो, दप्तर डाव्या खांद्याला लावतो, हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी बघत नव्हतो.

पिंपरीला नवे कारखाने उभे राहताहेत, त्यांतल्या एका कारखान्याच्या कामगारांशी सामना होता. दणकट गडी. सोपानने त्यांतले सात जण चेंडूला बॅट लागू न देता बाद केले. मोकळ्या माळावर वारा नव्हता. सहाव्या डावात त्याने हात मागे नेला, फेकला, आणि वाळली काटकी मोडावी तसा आवाज झाला. मी कडेला होतो, मलासुद्धा ऐकू आला. चेंडू त्याच्या पायापाशीच पडला. सोपान ओरडला नाही. डाव्या हाताने उजवा धरून माझ्याकडे बघत उभा राहिला.

पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी हाडाचा फोटो उजेडात धरून दाखवला. दंडाचं हाड आधीच आतून पोखरलेलं होतं, गाठ होती, फेकीने फक्त मोडलं. फेकीमुळे गाठ होत नाही, असंही ते म्हणाले. मग त्यांनी सोपानला विचारलं, "किती दिवस दुखत होतं?"

सोपानने एकदा माझ्याकडे पाहिलं. "दोन-चार दिस झालं असत्याल."

दोन महिने होऊन गेले होते. मी खोलीत उभा होतो आणि गप्प राहिलो.

हात खांद्यापासून काढावा लागला. त्याचे वडील गेनूभाऊ डॉक्टरांना म्हणाले, "हात घ्या, पोरगं तेवढं द्या." पुढे मी दोनदाच कुरुळीला जाऊ शकलो. दुसऱ्या खेपेपर्यंत गाठ छातीत पसरली होती; तो खोकत होता, गालफडं बसली होती. "गुरुजी, आता कोण फेकतंय?" त्याने विचारलं. कोणीच नाही, खेळ बंद केला, असं मी सांगितलं.  तो म्हणाला, "बंद नगा करू. मी सांगतो थोड्या दिसांत." काय सांगणार, ते मी विचारलं नाही.

परवा पुन्हा गेलो. गेनूभाऊंना डॉक्टरांचा तो प्रश्न आणि खरं उत्तर सांगून टाकलं. "आमाला ठावं हाय," ते म्हणाले. "दुखतंय ते आमीबी बघत हुतो की."

त्याची आई मला घराच्या मागे, गोठ्याकडे घेऊन गेली. गोठ्याच्या मातीच्या भिंतीवर कोळशाने एक वर्तुळ काढलेलं होतं. त्याभोवती चेंडू आदळल्याचे खड्डे होते, शेकड्यांनी. काही पार जमिनीलगत, काही छपराला टेकलेले, काही नुसतेच पुसट.

"डाव्या हातानं," ती म्हणाली. "इस्पितळातनं आला त्याच्या म्होरल्या पंधरवड्यापासनं. धाप लागली की खाली बसायचा, पुन्यांदा उठायचा. गुरुजींना सांगू नगा म्हनायचा, जमलं की दावतो."

मी जवळ जाऊन पाहिलं. वर्तुळाच्या आत नऊ खड्डे होते.

"दहाव्याला समदं घर सारवलं," ती म्हणाली, "ही भिंत तेवढी ऱ्हाऊ दिली."