डायलवरचं नाव

बसवनगुडीत, गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत, शिवाप्पाच्या कॉफीपुडीच्या दुकानाला खेटून नागोजीरावांचं घड्याळाचं दुकान होतं. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं, एवढीच जागा. पण सकाळी कॉफीच्या बिया भाजायचा वास गल्लीत पसरला आणि नागोजीरावांनी डोळ्याला भिंग लावलं, की त्या वीतभर जागेत असा थाट यायचा, जणू देवाची पूजाच मांडली आहे.

नागोजीराव रंगारी घराण्यातले. शेकडो वर्षांपूर्वी पूर्वज मराठी मुलखातून इथे आले, कापडावर ठसे उमटवत राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आजोबांचा एक नियम नागोजीरावांनी लहानपणी ऐकला होता. दुसऱ्या गावच्या रंगाऱ्याची नक्षी आवडली तर डोळे भरून बघावी, घरी येऊन तशी करावी, त्यात पाप नाही. पण त्याच्या कोपऱ्यातली खूण घ्यायची नाही. तिथे आपली कमळकळी उमटवायची. नक्षी जगाची आणि खूण घराची.

पुढे ठशांचं काम बसलं. नागोजीराव सरकारी घड्याळ कारखान्यात लागले आणि वीस वर्षं जुळणीच्या टेबलावर बसले. केसाहून बारीक कमानी चिमट्यात धरता धरता बोटं अशी तयार झाली की डोळे मिटून स्क्रू कुठल्या घड्याळाचा ते सांगत. मग स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हे दुकान टाकलं.

आणि इथे त्यांनी आपल्या मनातलं घड्याळ केलं.

त्याची सुरुवात एका फाटक्या कागदानं झाली. एका परदेशी मासिकाचं पान रद्दीतून शिवाप्पाकडे आलं होतं, कॉफी बांधायला. त्यावर एका स्विस घड्याळाचं चित्र. खोल पाण्यात बुड्या मारणाऱ्यांसाठी केलेलं, काळीभोर डायल, आकड्यांच्या जागी पांढरे ठिपके, जाड काटे, भोवती फिरणारी कडी. नागोजीराव त्या पानाकडे आजोबांसारखे डोळे भरून बघत बसले. पान खालून फाटलेलं होतं. सहाच्या जागी काय आहे ते कळायला मार्ग नव्हता.

आतलं यंत्र त्यांनी आपल्याच कारखान्याचं घेतलं, चावीचं, जे ते झोपेतही जुळवू शकत. बाहेरचं पोलादी कवच पीण्याच्या कारखानदारी वस्तीतल्या एका लेथवाल्याकडून चार वेळा परत परत करून घेतलं. डायल रंगवली तुंगाबाईंनी. तुंगाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी, त्याही रंगाऱ्यांच्याच लेक. तीन केसांच्या कुंचल्यानं बाई असा ठिपका ठेवत की भिंगाखालीही त्याची कड हलायची नाही.

"सहाला काय काढू?" त्यांनी विचारलं होतं.

"कागद फाटलाय. मला काय माहीत?"

"मग आपली कळी काढते," असं म्हणून त्यांनी तांदळाच्या कणीएवढी कमळकळी काढली. आणि बाराच्या खाली, जिथे मोठ्या कंपनीचं नाव असतं, तिथे बारीक देवनागरीत लिहिलं, 'नागोजी'.

अशी घड्याळं वर्षाला सात-आठच होत. शाळामास्तर, बँकेतले कारकून, एक बसचालक अशा लोकांच्या मनगटावर ती होती. कुणी म्हणालं की यावर स्विस नाव लिहून द्या, दुप्पट देतो, तर नागोजीराव नुसते दाराकडे बोट दाखवत.

सत्त्याण्णव साल असेल. गल्लीच्या तोंडाशी एका कंप्युटर कंपनीची बस सव्वाआठला यायची. तिची वाट बघणाऱ्यांत पुण्याहून नवा आलेला एक इंजिनिअर होता, शंतनु. वर्षभर परदेशी काम करून आलेला. एकदा पट्ट्याची पिन निसटली म्हणून तो दुकानात शिरला, आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं काचेवर ठेवलं.

नागोजीरावांचा श्वास थांबला. तेच घड्याळ. चित्रातलं. मूळ. इतकी वर्षं ज्या मूर्तीच्या छबीवरून पूजा केली ती मूर्ती समोर येऊन बसली होती.

"हात लावू?" त्यांनी विचारलं.

"लावा की काका, पिन बसवायचीय ना!"

भिंगातून ते बघत राहिले. काच नीलमण्याची, तिच्यावर ओरखडा म्हणून नाही. आपली साधी, वर्षात धुरकटते. कडी फिरवली तर टिकटिक करत अचूक थांबे. आपली किंचित सैल. पण ठिपके? तुंगाचे ठिपके याच्या तोडीचे होते. आणि सहाच्या जागी नुसती एक पांढरी काडी होती. नागोजीरावांना हसू आलं. एवढी मोठी कंपनी आणि तिथे काडी!

त्यांनी पिन बसवली आणि न राहवून आपलं घड्याळ शेजारी ठेवलं.

शंतनुनं पाहिलं, उचललं, आणि मोठ्यानं हसला. "अरे! डुप्लिकेट! काका, आणि वर स्वतःचं नाव? कॉपी करायची आणि सही ठोकायची, हे भारी आहे."

पायरीवर आणखी तीन-चार माणसं होती. शिवाप्पाही कॉफीची वाटी हातात घेऊन आला होता. नागोजीरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज चढला नाही.

"डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव लावून विकणं. मी कुणाचं नाव घेतलं? घाट त्यांचा आहे, तो मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. चूक निघाली तर ती माझी, म्हणून नाव माझं."

"पण घड्याळ म्हणून ते याच्याजवळ तरी येईल का?"

"बघू या. तुम्ही रोज बससाठी येताच. शिवाप्पाच्या रेडिओवर आठचे टोल पडतात. तीस दिवस दोन्ही घड्याळं त्या टोलांवर तपासू. तुम्ही तुमचं घालून हिंडा, मी माझं. तीस दिवसांनी माझं जास्त चुकलेलं निघालं, तर डायलवरचं माझं नाव मी पुसतो. पुन्हा एकाही घड्याळावर लिहिणार नाही."

"आणि माझं जास्त चुकलं तर?"

"तर या पायरीवर उभं राहून म्हणायचं, की हे डुप्लिकेट नाही."

"डन!" शंतनु म्हणाला.

तो गेल्यावर शिवाप्पानं कपाळावर हात मारला. "नागोजीअण्णा, डोकं ठिकाणावर आहे का? हत्तीबरोबर शर्यत लावतात का कुणी?"

"हत्ती मोठा असतो, शिवाप्पा. वेळेवर येतो असं कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवसापासून गल्लीला नवा चाळा लागला. आठला पाच कमी असताना माणसं पायरीपाशी जमत. रेडिओवर टोल पडत, दोन मनगटं पुढे होत, आणि शिवाप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन आकडे लिहून ठेवी. फूलवाली अंबूबाई रोज एकच विचारायची, "आमचं किती?" गल्लीनं ते घड्याळ केव्हाच आपलं करून टाकलं होतं.

अठराव्या दिवशी स्विस घड्याळ सव्वीस सेकंद पुढे होतं आणि नागोजीरावांचं एकतीस सेकंद मागे. पाच सेकंदांचा फरक! शंतनु आता हसत नव्हता. तो वाकून आकडे बघायचा.

एकोणिसाव्या दिवशी स्विस घड्याळ एकदम दोन मिनिटं पुढे गेलेलं निघालं.

शिवाप्पानं आकडा दोनदा तपासला आणि आरोळी ठोकली. अंबूबाईनं शेवंतीची माळ नागोजीरावांच्या टेबलावरच्या दिव्याला घातली. शंतनुचा चेहरा पडला. "असं कसं झालं? काल रात्रीपर्यंत तर बरोबर होतं. रोजच्यासारखं कंप्युटरवर काम केलं, नव्या स्पीकरवर घड्याळ काढून ठेवलं, झोपलो."

हे ऐकलं आणि नागोजीरावांना सगळं कळलं. स्पीकरमध्ये केवढा लोहचुंबक असतो! त्यानं घड्याळाची बारीक कमान भारली होती. तिचे वेढे एकमेकांना चिकटत होते, म्हणून घड्याळ धावत सुटलं होतं. घड्याळाचा काही दोष नव्हता.

त्यांनी तोंड उघडलं. पण पायरीवरच्या माणसांचे चेहरे असे फुललेले, शिवाप्पानं असा कडक कॉफीचा पेला पुढे केलेला, की शब्द आतच राहिले. शंतनु बसमध्ये चढला. नागोजीराव कॉफी प्यायले. ती कधी नव्हे इतकी कडू लागली.

त्या दुपारी तुंगाबाई डबा घेऊन आल्या तेव्हा नागोजीरावांनी सकाळी दिलेली विसरून त्यांच्यादेखत घड्याळाला दुसऱ्यांदा चावी दिली. असं चौतीस वर्षांच्या संसारात झालं नव्हतं.

"काय झालं हो?"

त्यांनी सांगितलं. स्पीकर, चुंबक, सगळं.

तुंगाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, बिसीबेळे भात वाढला. मग म्हणाल्या, "कारखान्यात शेजाऱ्याचं घड्याळ बिघडावं म्हणून त्याच्या टेबलावर तुम्ही कधी धूळ उडवलीत?"

"नाही."

"मग जेवा. निवतोय."

विसाव्या दिवशी स्विस घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं. शंतनुनं हात जोडले. "काका, हरलो. म्हणतो मी पायरीवरून..."

"स्वल्प थांबा," नागोजीराव म्हणाले. त्यांनी खणातून एक छोटं होकायंत्र काढून काचेवर ठेवलं. आपलं घड्याळ त्याच्याजवळ नेलं. सुई जागची हलली नाही. मग शंतनुचं नेलं. सुई सापाच्या फण्यासारखी गर्रकन वळली. जमलेली माणसं मागे सरली.

"तुमच्या स्पीकरनं याला भारलंय. हे घड्याळ आजारी आहे. आजारी गड्याला पाडून मिरवणारा पैलवान मला व्हायचं नाही."

त्यांनी चुंबकत्व उतरवायचं तारेचं वेटोळं विजेला लावलं, घड्याळ त्यात धरून हळूहळू दूर नेलं. पुन्हा होकायंत्रापाशी आणलं. सुई शांत.

"आता दोन्ही घड्याळं पुन्हा बरोबर लावू, आणि आजपासून नवे तीस दिवस. आणि हे मी कालच ओळखलं होतं. काल बोललो नाही, ती चूक माझी."

"अय्यो, अण्णा!" शिवाप्पा कळवळला. "जिंकलेली कुस्ती सोडलीत!"

त्या दिवशी शंतनुची बस आली, भोंगा वाजवून निघूनही गेली, आणि तो पायरीवरच बसून राहिला. नागोजीरावांनी आपलं घड्याळ कसं केलं, ते त्यानं पहिल्यापासून विचारून घेतलं. फाटकं पानही बघितलं.

नवे तीस दिवस संपले त्या सकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. टोल पडले. स्विस घड्याळ चव्वेचाळीस सेकंद पुढे. नागोजीरावांचं एक मिनिट तीन सेकंद मागे.

एकोणीस सेकंदांनी नागोजीराव हरले होते.

नागोजीरावांनी शंतनुचं घड्याळ दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं. "गुरू आहे. गुरू पुढेच असायचा. पण महिनाभरात एकोणीसच सेकंद! गुरूला मागे वळून बघावं लागलं असेल."

मग ते टेबलाशी बसले. आपल्या घड्याळाची पाठ उघडली, काटे काढले, डायल बाहेर घेतली आणि काडीला कापूस गुंडाळू लागले.

"काका, नको ना! मी नुसतं बोललो होतो हो," शंतनु म्हणाला.

"मी नुसतं बोललो नव्हतो."

स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस दोनदा फिरला. 'नागोजी' गेलं. बाराच्या खाली काळोख उरला. सहाला कळी तेवढी होती. भिंग काढल्यावर नागोजीरावांनी डोळा जरा जास्तच वेळ पुसला.

गर्दीत तुंगाबाई मागे उभ्या होत्या. माणसं बाजूला करत त्या पुढे आल्या.

"शब्द कुणी दिला होता?"

"मी."

"कुणाचं नाव लिहायचं नाही असा?"

"माझं."

"मग उठा बघू तिथून."

नागोजीराव उठले. तुंगाबाई बसल्या. पदर कमरेला खोचला, पिशवीतून तीन केसांचा कुंचला काढला, पांढऱ्या रंगाचा थेंब नखावर घेतला. एवढी वर्षं दर घड्याळावर नवऱ्याचं नाव त्यांनीच लिहिलं होतं. हात त्या जागेला सरावलेला होता. श्वास धरून त्यांनी दोन अक्षरं काढली. 'तुंगा'.

"माझा शब्द कुणी मागितला नव्हता," त्या शिवाप्पाकडे बघत म्हणाल्या, "आणि मी दिलाही नव्हता."

गल्लीत जो हशा पिकला, त्यानं कॉफीच्या दुकानातल्या बरण्या हलल्या म्हणतात. अंबूबाईनं या वेळी माळ दिव्याला घातली नाही, तुंगाबाईंच्या अंबाड्यात खोवली.

शंतनु पायरीवर चढला. "काका हरलेत, त्यामुळे मला म्हणायची गरज नाही," तो मोठ्यानं म्हणाला, "पण म्हणतो. हे डुप्लिकेट नाही. आणि काकू, मला एक पाहिजे."

"तीन महिने लागतील," तुंगाबाई म्हणाल्या.

"आणि स्पीकरवर ठेवायचं नाही," नागोजीराव म्हणाले.

त्यानंतर त्या दुकानातून जेवढी घड्याळं बाहेर पडली त्या सगळ्यांवर तुंगाबाईंचं नाव होतं. गुरूचा घाट, कारखान्याचं यंत्र, रंगाऱ्यांची कळी. कुणी विचारलं, ही कुठली कंपनी, कधी ऐकली नाही, तर नागोजीराव भिंग वर सारत, छाती भरून श्वास घेत आणि म्हणत,

"सरी, बरोबर आहे, आता ऐकलीत ना? आमच्या घरची आहे."